न आंबलेलं दूध

मला नितळ पाण्याची भीती वाटते. हे सांगितलं की लोक हसतात. माझा मुलगा तर तोंडावर म्हणतो, "आई, तुझं डोकं फिरलंय." त्याला म्हणायला काय जातंय! ज्या पाण्याने ही भीती माझ्या मनात बसवली, ते पिऊन मरता मरता वाचलेला तोच आहे. पण तेव्हा तो वर्षाचाही नव्हता. भिंतीला धरून उभा राहायचा, दोन्ही हात सोडायचा आणि धपकन खाली बसून आमच्याकडेच रागाने बघायचा. त्याला यातलं काही आठवत नाही, आणि मला काही विसरता येत नाही.

आमचं गाव गेवराई तालुक्यातलं. त्या वर्षी दुष्काळ असा पडला की जनावरं चारा छावणीला गेली, विहिरींच्या तळाचा चिखलही वाळून त्याला भेगा पडल्या, आणि बायकांचं सगळं जगणं टँकरच्या भोंग्याला बांधलं गेलं. टँकर गोदावरीच्या अंगाने यायचा. कधी सकाळी, कधी दुपारी, कधी यायचाच नाही. आला की हाताला लागेल ते भरून घ्यायचं. घागरी, कळशा, पातेली, पराती. सासूबाईंनी एकदा पोळपाट-लाटणं सोडून घरातलं सगळं भरून ठेवलं होतं, आणि रात्री भाकरी थापायला परात नाही म्हणून माझ्यावरच ओरडल्या होत्या. पाण्याइतकीच भांड्यांची टंचाई होती.

अशा वेळी गावच्या शेतकरी सोसायटीने ड्रम वाटले.

माझे यजमान सहकारी साखर कारखान्यात हंगामी कामाला होते, मिलवर, म्हणजे ऊस पिळून रस काढतात तिथे. त्या साली ऊसच नव्हता, त्यामुळे गाळप लवकर आटपलं आणि हे घरी बसले. कारखान्याच्या आवारात औषधांचे रिकामे निळे ड्रम पडून होते. आमच्या गावच्या सोसायटीचे चेअरमन कारखान्यावरही संचालक, आणि सोसायटीची निवडणूक तोंडावर आलेली. त्यांनी ट्रॉलीभर ड्रम आणवले आणि सभासदांना घरटी एक दिला. ज्याच्या नावावर शेअर आहे त्याला ड्रम, ज्याच्या नावावर नाही त्याला नाही. ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत कोणाचाच शेअर नव्हता, म्हणून तिकडे एकही ड्रम गेला नाही. आमच्या गल्लीत मात्र घरोघरी निळं झालं. दिवाळी असावी असा आनंद होता. बायका एकमेकींच्या ड्रमला टिचक्या मारून बघत होत्या.

ड्रमला आतून गोडसर वास होता, साबणाचा म्हणावा तर साबणाचा नाही, दवाखान्याचा म्हणावा तर तोही नाही. धुवायला हवेच होते. पण ज्या गावात बाजेवर बसून अंघोळ करतात, खाली परातीत पाणी धरतात आणि तेच जनावरापुढे ठेवतात, तिथे ड्रम धुवायला पाणी कोण देणार? मग गल्लीने मिळून युक्ती काढली. एकीने बादलीभर पाणी दिलं, दुसरीने राख, तिसरीने चिंच. त्या एका बादलीत पहिला ड्रम घासला, तेच पाणी दुसऱ्यात ओतलं, दुसऱ्यातलं तिसऱ्यात. असं करत गल्लीच्या टोकापर्यंत ते पाणी गेलं. आमचं घर टोकाचं. आमच्या ड्रममध्ये ते पाणी आलं तेव्हा त्याला फेस होता. सासूबाईंनी त्यानेच ड्रम घासला, उन्हात पालथा घातला आणि संध्याकाळी आत डोकं घालून हुंगून बघितलं.

"गेला वास," त्या म्हणाल्या. "आता काय बी धोका न्हाई."

वास गेला म्हणजे औषध गेलं, हा आमचा सगळ्यांचाच हिशोब. माझाही.

आणि ते ड्रम खरंच गुणाचे निघाले! रांजणात पाणी दोन दिवस राहिलं की तळाशी वळवळ सुरू व्हायची, कडेला शेवाळ धरायचं. टँकरचं पाणीच मुळात गढूळ. पण ड्रममध्ये भरलेलं पाणी गाळ खाली बसला की जे नितळ व्हायचं ते तसंच राहायचं. एक किडा नाही, एक डास नाही, आठवडा झाला तरी कुबट वास नाही. शिवाय ड्रम कधी पूर्ण रिकामा व्हायचा नाही. तळातलं पाणी टाकून देण्याची छाती कोणाची होती? त्यावरच नवं ओतायचं. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला वाकून पाणी बघायला लावायच्या.

"काचेवानी हाय का न्हाई बघ!"

पोराला जुलाब सुरू झाले ते त्याच सुमारास.

पहिल्यांदा मी मनावर घेतलं नाही. दात येत असतील, उन्हाळा बाधला असेल. अंगणवाडीच्या बाईंनी सांगितलं होतं, लेकराचं पाणी उकळून घ्या. मी उकळत होते. चांगलं अर्धं होईस्तोवर आटवत होते. एक म्हैस आम्ही छावणीला न पाठवता त्याच्यासाठी म्हणून घरी ठेवली होती. म्हशीचं दूध लेकराला जड, म्हणून त्यात हेच आटवलेलं पाणी निम्मं घालायचं. मला वाटायचं, जेवढं आटवीन तेवढं शुद्ध. आटत होतं ते नुसतं पाणी, हे तेव्हा कुठे ठाऊक!

जुलाब थांबेनात. हिरवट, पाण्यासारखे, आणि त्यांना वासच वेगळा. पोट फुगायचं, तो पाय पोटाशी घेऊन किंचाळायचा. गावातल्या डॉक्टरांनी औषधाची बाटली दिली, जंतू मारायचं औषध. दोन दिवस बरं वाटलं आणि मग पहिल्यापेक्षा जास्त. पुन्हा बाटली. भिंतीला धरून उभं राहणं त्याने सोडून दिलं. मग बसणंही सोडलं. मांडीवर घेतला की त्याची मान माझ्या हातावर नुसती पडायची. मला रात्रंदिवस एकच भीती, हा जाणार. मी ती कोणाजवळ बोलत नव्हते, कारण बोलले तर खरं होईल असं वाटायचं. सासूबाईंनी नारायणगडाला नवस बोलला. त्या गडाच्या दिशेला हात जोडून पुटपुटायच्या आणि मग डोळे पुसत माझ्यावर खेकसायच्या. त्यांची भीती नेहमी खेकसण्यातूनच बाहेर यायची.

याच दिवसांत आमच्या घरी दही लागेना.

आमच्याकडे विरजण कधी संपत नसे. सासूबाईंच्या सासूपासून चालत आलेलं विरजण असं त्या अभिमानाने सांगायच्या. आता पुरावं म्हणून दुधात पाणी घालून, कोमट करून विरजण घालावं, तर सकाळी पातेल्यात दूधच. पातळ, कोमट, कुठेतरी एखादी गुठळी.

"तुज्या हातालाच गुण न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "शिवाशिव पाळीत न्हाईस, मग कसं लागंल?"

मी शेजारून विरजण आणलं. तेही मेलं. मग छावणीतून दूध आणणाऱ्या शेजारणीचंही दही लागेनासं झालं, आणि ती आमच्याकडे मागायला आली. गल्लीभर चमचाभर विरजण या घरातून त्या घरात फिरत राहिलं, आणि ज्या घरात जाईल तिथे संपत गेलं. सासूबाईंनी माझ्यावरचा आळ काढून घेतला आणि सगळ्या गल्लीला नजर लागली असं जाहीर केलं. मला त्याही अवस्थेत हसू आलं होतं. गल्लीतल्या सगळ्याच सुना एकदम वाईट हाताच्या कशा निघाल्या, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी पदर झटकला.

मग ती संध्याकाळ आली. फळीवरचं काहीतरी काढताना मागे झाकलेली वाटी हाताला लागली. आदल्या दिवशी सकाळी पोराला पाजून उरलेलं, पाणी घातलेलं दूध. ठेवून मी विसरून गेले होते. दिवसभर ऊन असं की पत्र्याखाली बसवत नव्हतं. त्या उन्हात दूध दुपारपर्यंत फाटतं, संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे बघवत नाही. मी नाक मुरडून झाकण काढलं.

दूध जसंच्या तसं होतं.

मी हुंगलं. आंबूस वास नाही. बोट बुडवून जिभेला लावलं, तर गोडसर आणि मागून किंचित कडू. मी घाबरले. का ते मला सांगता आलं नसतं. नासलेलं दूध मी हजारदा बघितलं होतं, न नासलेलं बघून घाबरण्याची ती पहिलीच वेळ. मी वाटी घेऊन ओसरीवर गेले. हे पोराला मांडीवर घेऊन पुठ्ठ्याने वारा घालत बसले होते.

"हे बघा. कालचं दूध हाय. आंबलं न्हाई."

"मग बरंच हाय की."

"ड्रममदी काय व्हतं?"

"मिलचं औषध. सांगितलं की तवा."

"ते कशाला घालतात मिलवर?"

हे सहज सांगायला लागले. उसाचा रस निघाला की त्यात जंतू होतात, ते साखर खातात, रसाला आंबूस वास सुटतो, साखरेचा उतारा घटतो. म्हणून मिलवर थोडं थोडं औषध सोडायचं. "पार पातळ करून घालतात, पन रस आंबत न्हाई. एक जंतू ऱ्हात…"

बोलता बोलता ते थांबले. त्यांनी माझ्या हातातल्या वाटीकडे बघितलं, मग मांडीवरच्या पोराकडे. पुठ्ठ्याचा वारा थांबला.

मी वाटी खाली ठेवली. अंगणात गेले आणि ड्रमला खांदा लावला. भरलेला ड्रम हलेना. आदल्याच दिवशी टँकर येऊन गेलेला, ड्रम काठोकाठ. हे धावत आले. मला वाटलं अडवतात, पण त्यांनी पोराला खाली चटईवर ठेवलं होतं आणि ते दुसऱ्या बाजूने खांदा लावत होते. सासूबाई दारात येऊन "आगं बाई, पानी! पानी सांडलं!" अशा ओरडल्या की गल्लीला वाटलं आग लागली.

ड्रम आडवा झाला. पाणी गल्लीतून उताराने निघालं. आणि पुढे जे झालं ते मला अजून स्वप्नात दिसतं. घराघरातून बायका तांबे, वाट्या, पराती घेऊन धावल्या. कोणी मातीचा बांध घातला, कोणी साडीचा पदर पाण्यात भिजवून घागरीत पिळत होती. मी ओरडत होते, "घेऊ नका, त्यात औषध हाय, लेकरांला देऊ नका!" एकजण मान वर न करता म्हणाली, "वैनी, तुमाला नको तर नको, आमाला तरी घिऊ द्या." रात्री चेअरमनचा निरोप आला, गावात उगाच घबराट पसरवू नका, पुढचा हंगाम यायचा आहे. पुढचा हंगाम म्हणजे आमची चूल होती. तरी सकाळी पहिल्या एसटीने आम्ही पोराला घेऊन बीडला निघालो.

लहान मुलांचे डॉक्टर उमदे होते, पण घाईतले. त्यांनी पोट दाबून बघितलं, कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. ते बघून त्यांचा आवाज बदलला. सलाईन लागलं. पायाची शीर सापडेना, कपाळाची शोधली. गावातल्या बाटल्या मी पिशवीतून काढून दाखवल्या, आणि मग वाटीची गोष्ट सांगितली. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत.

"ताई, माणसाच्या पोटात जंतू असावेच लागतात," ते म्हणाले. "चांगले जंतू. ते अन्न पचवतात, वाईट जंतूंना जागा धरू देत नाहीत. मोठ्या माणसाच्या पोटात त्यांचं बस्तान बसलेलं असतं. याच्या पोटात ते अजून बसतंय. आधी त्या पाण्याने मारले असतील, उरलेले या बाटल्यांनी."

"पाण्यानंच झालं का?"

"खात्रीने नाही सांगता येणार. पण दही लागू देत नाही ते पाणी त्याला देऊ नका."

"आन् मेलेले जंतू परत येतात का?"

त्यांनी सलाईनचे थेंब मोजून बघितले. "येतात," ते म्हणाले, "पण यायला वेळ लागतो, आणि तेवढा त्याने तग धरायला हवा."

लहानपणापासून मला एकच शिकवलं होतं, जंतू म्हणजे रोग. हात धुवा, पाणी उकळा, जंतू मारा. आणि आता मी कॉटशी बसून देवाकडे जंतू मागत होते. गावासारखंच याचं पोटही ओसाड पडलंय, तिथे आता काही उगवेल का, असं वाटून मला रडू फुटायचं. बाटल्या बंद झाल्या. एक पूड दिली, आणि घरी नेताना सांगितलं की ताज्या, घरच्या दह्याचं थोडं थोडं पाणी चाटवा.

घरचं दही! आमच्या गल्लीत कोणाच्या घरी उरलं होतं?

गावात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दिवा लागला की दूध, दही, मीठ घराबाहेर द्यायचं नाही, ही आमची रीत. गल्लीत कोणी दिलंच नसतं, आणि दिलं असतं तरी ते मेलेलं. ड्रम गेला नव्हता ती एकच वस्ती. मी पोराला सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि वाटी घेतली.

"कुठं निगालीस?"

"ओढ्यापलीकडं."

त्यांना समजलं. त्यांचे ओठ हलले. उभ्या जन्मात त्यांनी त्या वस्तीतलं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. मी भांडायच्या तयारीतच उभी होते, शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. पण पोराने मांडीवर कण्हल्यासारखा आवाज केला, आणि त्यांनी मान खाली घातली.

"मोठी वाटी ने," त्या म्हणाल्या.

वस्तीतल्या पहिल्याच घरची बाई आमच्या शेतात खुरपायला यायची. तिच्या दारात दोन शेळ्या बांधलेल्या आणि माठांची उतरंड. मी वाटी पुढे केली आणि कशासाठी ते सांगितलं. तिने आधी विचारलं,

"तुमच्या सासूला चालंल का?"

"चालंल."

"दही शेळीचं हाय, पातळ हाय."

"दिवे लागल्यात, तुमाला द्यायला चालंल का?" मी विचारलं.

"आमी ते सगळं कवाच सोडलं," ती म्हणाली आणि गाडग्यातलं दही वाटीत ओतलं. आंबट वास नाकात गेला आणि मी तिच्या दारातच हुंदके देऊन रडले. तिने पोराचं नाव विचारलं, ते दोनदा उच्चारलं, आणि रोज सकाळी वाटी पाठवायला सांगितलं.

दह्याचं पाणी, ती पूड, आता माठात भरलेलं पाणी. पोर लगेच बरं झालं नाही. एक दिवस बरा, की पुन्हा दुसऱ्या दिवशी तसंच. प्रत्येक वेळी मी दुपटं भीत भीत उघडायचे. सासूबाई तर दुपटं हातात घेऊन उजेडाला नेऊन बघायच्या, जशी काही सोन्याची पारख चाललीय. एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. दुपट्यावर घट्ट, पिवळं, चांगला वास मारणारं होतं. आम्ही दोघी सासू-सुना त्या घाणीवर वाकून हसत होतो आणि रडत होतो. हे घाबरून धावत आले, त्यांना वाटलं पोर गेलं.

मृगाआधी तो पुन्हा भिंतीला धरून उभा राहिला. मी त्याला कडेवर घेऊन पहिल्यांदा गल्लीत निघाले. घरोघरी ड्रम तसेच उभे होते. आमचा ड्रम आम्ही उकिरड्यावर टाकला होता. तो शेजारच्या दारात होता, भरलेला, वर स्वच्छ पांढरं फडकं बांधलेलं. शेजारणीची धाकटी सून, पहिलटकरीण, सातवा महिना लागलेली, फडकं बाजूला करून तांब्या बुडवत होती.

मी तिला सगळं सांगितलं. वाटी, मिल, डॉक्टर, सगळं. ती चांगली पोरगी होती, तांब्या हातात धरून तिने शेवटपर्यंत ऐकलं. माझ्या कडेवरच्या पोराच्या काटक्यांसारख्या पायांना हात लावून बघितला. तिच्या डोळ्यांत भीती उतरलेली मला स्पष्ट दिसली.

मग तिने ओटीवरून आत नजर टाकली. घरात एक घागर होती, एक कळशी, आणि माणसं अकरा.

"मग कशात भरू, काकू?" तिने विचारलं.

मी पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. हातातल्या तांब्यातलं पाणी ती प्यायली.